डिस्कंटिगराव

लिनक्स कर्नलच्या मेमरी खात्यात बावीस वर्षं नोकरी करून २०२१ मध्ये घरी गेलेल्या एका गृहस्थांची ओळख करून द्यायची आहे. सेवापुस्तकातलं नाव डिस्कंटिगमेम. एका दमात घेताना भल्याभल्यांची जीभ अडखळते, म्हणून आपण त्यांना डिस्कंटिगराव म्हणू. त्यांनाही ते चाललं असतं. कुणी ‘राव’ म्हटलं की मनातल्या मनात खूश होणाऱ्यांपैकी होते ते.

हे मेमरी खातं म्हणजे कर्नलचं तलाठी कार्यालय. मेमरी ही जमीन. तिचे ४,०९६ बाइटचे सारखे तुकडे पाडलेले असतात, त्यांना पेज म्हणतात. प्रत्येक पेजची दप्तरात एक नोंद: कोण कसतंय, किती जणांचा हक्क आहे, की पडीक आहे. आजच्या ६४ बिटांच्या यंत्रावर ही एक नोंद साधारण ६४ बाइटची होते. म्हणजे १ जीबी जमिनीला १६ एमबीचं दप्तर. आणि गंमत अशी, की दप्तर ठेवायला वेगळी कचेरी नाही. त्याच जमिनीचा तुकडा तोडून त्यावरच दप्तर ठेवायचं. दप्तर जितकं जाड, तितकी जमीन कमी.

डिस्कंटिगरावांच्या आधी तिथे फ्लॅटमेम होते. अजूनही आहेत. माणूस सरळमार्गी. एकच वही, पान पहिलं ते शेवटचं. पेजचा क्रमांक सांगा, तितक्याव्या ओळीवर नोंद हजर. शोधाशोध नाही, एक बेरीज केली की काम झालं. फक्त मध्ये नदी असो, डोंगर असो, जिथे जमीनच नाही तिथल्याही ओळी ते आखून मोकळ्या ठेवायचे. सवयच ती.

आपल्याला वाटतं मेमरी सलग असते. बाजारातून ४ जीबी आणली, खाचेत दाबली, झालं. पण यंत्राच्या पत्त्यांच्या नकाशात मेमरीसोबत इतरही मंडळी जागा धरून बसलेली असतात, आणि यंत्र बनवणारे मेमरीला कुठेही नेऊन बसवतात. एचपीच्या झेडएक्स-वन चिपसेटचा नकाशा पाहा. पहिली १ जीबी शून्यापासून. मग खड्डा. पुढच्या ३ जीबी थेट २५७ ते २६० जीबीच्या पत्त्यावर. मधला ४ ते २५६ हा पट्टा आणखी मेमरी आणलीत तर तिच्यासाठी राखीव. आता अशा यंत्रात ४ जीबी मेमरी आहे असं धरा आणि फ्लॅटमेमना वही आखायला सांगा. ते इमानदारीने शून्यापासून २६० जीबीपर्यंत ओळी आखतील. एका नोंदीला ६४ बाइट धरले तर वही होते ४ जीबीच्या थोडी वरच. जमीन जेवढी, तिच्याहून दप्तर मोठं. मालकाने कसायचं काय?

ह्या पेचातून डिस्कंटिगरावांचा जन्म झाला. १९९९ साली, सिलिकॉन ग्राफिक्स कंपनीत, कनोज सरकार यांच्या हातून. त्या कंपनीची ओरिजिन नावाची बडी यंत्रं होती. त्यांत प्रोसेसर आणि मेमरीचे गट पाडलेले असत. एका गटाला नोड म्हणायचं. आपल्या नोडमधली मेमरी जवळची, दुसऱ्याच्या नोडमधली लांबची. ह्या व्यवस्थेला न्यूमा म्हणतात. प्रत्येक नोडला पत्त्यांचा मोठा पट्टा तोडून दिलेला, त्यात मेमरी कितीही कमी भरलेली असो. अशा ठिकाणी डिस्कंटिगरावांनी सुचवलं ते शहाणपणाचंच होतं: दर नोडची वही वेगळी. वहीच्या पहिल्या पानावर लिहायचं की हा नोड अमुक पेजपासून सुरू होतो, त्याचा विस्तार इतका, त्यात प्रत्यक्ष जमीन इतकी. मधल्या खड्ड्यांसाठी एकही ओळ आखायची नाही. काटकसर हा त्यांचा पहिल्या दिवसापासूनचा बाणा, आणि ते तो चारचौघांत बोलूनही दाखवायचे.

ह्या काटकसरीची किंमत दुसऱ्याच्या वेळेतून वसूल व्हायची. फ्लॅटमेमना क्रमांक सांगितला की नोंद मिळायची. डिस्कंटिगराव आधी चष्मा वर करून विचारायचे, “कुठल्या नोडचं?” ज्याच्याकडे नुसता पेजचा क्रमांक आहे त्याला हे कसं ठाऊक असणार? मग ते स्वतःच शोधायला बसत. हा शोध कर्नलमध्ये उठता-बसता होतो, त्यामुळे दर खेपेचे चार क्षण म्हणता म्हणता बरेच होत.

बरं, शोधायची रीत तरी एक असावी. छे. जो देश तसा वेष. पीए-रिस्क यंत्रांवर ते १ जीबीला एक घर अशी तक्ती बाळगत आणि घरात नोडचा क्रमांक पाहत. अल्फाच्या वाइल्डफायर यंत्रावर पत्ता ३६ बिट उजवीकडे सरकवला की उरलेला आकडा म्हणजे नोड, इतकं सोपं. त्याच अल्फा घराण्यातल्या मार्व्हलवर मात्र पत्त्यातले बिट इकडून तिकडून वेचून जोडावे लागत. म्हणजे नाव एक, हुद्दा एक, आणि प्रत्येक गावात कारभार निराळा. नवा माणूस कोड वाचायला बसला की तिसऱ्या फाइलशी पाणी मागायचा.

त्यांचा दुसरा गुण म्हणजे मोठेपणाची हौस. ओरिजिनसारख्या बड्या घरात जन्मल्यामुळे नोड हा शब्द त्यांच्या तोंडी बसलेला. पुढे त्यांना गरिबाघरी पाठवलं, तरी तो सुटला नाही. एकच प्रोसेसर, दोन-चार मेमरीचे तुकडे, जवळ-लांब असा काही भेदच नाही, अशा यंत्रावर गेले तरी प्रत्येक तुकड्याला नोड म्हणायचे. मोटोरोला ६८००० घराण्यातली जुनी अमिगा, अटारी घ्या. तिथे मेमरी तुकड्यातुकड्यांत असते. हे गेले की लगेच त्या घरगुती यंत्राला न्यूमाचा थाट.

आर्क प्रोसेसरवरचा किस्सा तर सांगण्यासारखा आहे. तिथे नेहमीची ‘लो’ मेमरी २ जीबीच्या पत्त्यापासून सुरू होते आणि ‘हाय’ मेमरी शून्यापासून. म्हणजे उंचावरची मंडळी तळमजल्यावर आणि तळमजल्याची माडीवर. मध्ये खड्डा आलाच. डिस्कंटिगरावांनी खाली-वर काही पाहिलं नाही. एकाला नोड शून्य म्हटलं, दुसऱ्याला नोड एक, दोन वह्या उघडल्या आणि मान ताठ करून बसले. पोट एक, पण शिधापत्रिका दोन.

हे खोटं वर्षानुवर्षं खपलं, कारण विचारणारं कुणी नव्हतं. २००७ च्या सुमाराला खात्यात स्लब नावाचा तरुण आला. काम चोख, फापटपसारा कमी. छोट्या छोट्या तुकड्यांचं वाटप करायचा. लिहिलेलं प्रमाण मानणारा. यंत्राच्या माहितीपत्रकात न्यूमा नाही असं लिहिलंय ना? मग नोड एकच, क्रमांक शून्य, असं तो धरून चालायचा. ह्यात त्याचं चुकलं काय?

२०११ मध्ये पीए-रिस्कवर गाठ पडलीच. माहितीपत्रकात न्यूमा नाही. स्लबने एक पेज हातात घेतलं, त्याचा नोड विचारला. डिस्कंटिगरावांच्या नोंदीप्रमाणे उत्तर आलं, शून्य सोडून भलतंच. स्लब त्या नोडचं खातं उघडायला गेला, तर तिथे खातंच नाही. हातात शून्य आलं आणि अख्खं यंत्र जागच्या जागी कोसळलं. कर्नलच्या भाषेत पॅनिक.

मग चौकशी लागली. स्लबच्या पालकांचं म्हणणं होतं, की डिस्कंटिगरावांना न्यूमा असेल तिथेच ठेवा, नाहीतर ठेवू नका. तत्त्व म्हणून बरोबर. पण मोजणी केली तर कमीत कमी सहा घराण्यांत ते न्यूमाशिवाय नांदत होते: अल्फा, आयए-६४, एम३२आर, एम६८के, मिप्स आणि पीए-रिस्क. सहा घरं एका दिवसात रिकामी कोण करणार? निकाल असा लागला, की ज्या यंत्रावर डिस्कंटिगराव आहेत आणि न्यूमा नाही, तिथे स्लबवरच ‘मोडका’ असा शिक्का मारावा, म्हणजे तक्रारी येणार नाहीत. सरळ वागणारा पोरगा दाराबाहेर आणि थाप मारणारे काका ओसरीवर. जुन्या माणसाची पाळंमुळं किती खोल असतात, ते ह्या निकालात कळतं. ते वाईट नव्हते हो. खोटं बोलायची वेळ त्यांच्यावर आणली ती त्यांना नको तिथे बसवणाऱ्यांनी. नोड सोडून दुसरी भाषाच त्यांना शिकवलेली नव्हती.

कर्नल बांधताना कुठला कारभारी हवा, हे निवडायची एक यादी येते. प्रत्येक नावाखाली चार ओळींचा परिचय असतो. डिस्कंटिगरावांच्या परिचयात, खड्डे असलेल्या मेमरीसाठी हे चांगले, असं म्हटल्यावर लगेच पुढे होतं, की बहुतेक यंत्रांची मेमरी सपाट असते, तिथे ह्यांच्यामुळे काम मंदावू शकतं. नक्की ठरत नसेल तर फ्लॅटमेमना निवडा. स्वतःच्या ओळखपत्रावर शेजाऱ्याची शिफारस! २००५ मध्ये स्पार्समेम नावाचा तिसरा उमेदवार यादीत आला. त्याच्या परिचयात लिहिलं होतं, की हा नवा आहे, प्रयोगावस्थेत आहे. खात्री नसेल तर डिस्कंटिगमेम किंवा फ्लॅटमेम घ्या. आयुष्यात कुणी लेखी शिफारस केली ती ह्या एका ठिकाणी, आणि तीही ज्याने पुढे त्यांची खुर्ची काढून घेतली त्याच्या कागदावर. २०१९ मध्ये डिस्कंटिगरावांचा परिचय पुन्हा लिहिला गेला. खात्री नसेल तर स्पार्समेम घ्या.

स्पार्समेमची अक्कल अशी, की त्याने नोडची कटकट काढूनच टाकली. त्याने सगळा नकाशा सारख्या मापाच्या गटांत कापला. ६४ बिटांच्या इंटेल-एएमडी यंत्रांवर १२८ एमबीचा एक गट. ज्या गटात जमीन आहे त्याचीच वही, नाही त्याची नाही. पेजच्या क्रमांकाचे वरचे आकडे पाहिले की गट कळतो. कुणाला काही विचारावं लागत नाही. चालू यंत्रात मेमरी वाढवली किंवा काढली तरी गट जोडायचा किंवा सोडवायचा, बस. पुढे त्याने आणखी एक युक्ती केली. आभासी पत्त्यांच्या अफाट मैदानात सगळ्या वह्या एकापुढे एक मांडल्या, जणू एकच सलग वही आहे. जिथे जमीन नाही तिथली पानं नुसती कागदावर, त्यांच्यामागे खरी मेमरी नाही. म्हणजे फ्लॅटमेमची झटपट बेरीज आणि डिस्कंटिगरावांची काटकसर, दोन्ही एका माणसात. ६४ बिटांच्या इंटेल-एएमडी यंत्रांनी २००८ मध्येच इतर सगळ्यांना नमस्कार केला आणि ह्या एकालाच ठेवलं.

तेव्हाच डिस्कंटिगरावांना श्रीफळ देऊन निरोप द्यायला हवा होता. पण निरुपयोगी कोड आणि कुणीच वापरत नाही असा कोड, ह्यांत फरक आहे. जगात कुठेतरी कुणाच्या तळघरात एक अल्फा घरघरत असतं, कुणी छंद म्हणून अटारीवर नवा कर्नल चढवून पाहत असतं. अशांची संख्या थोडी, पण मान मोठा. शिवाय जो कोड मुकाट्याने कंपाइल होतो, त्याच्याकडे कुणाचं लक्ष जात नाही. मोडला तर निदान कुणीतरी ओरडतं. डिस्कंटिगराव मोडत नव्हते. फक्त मेमरी खात्यात नवं काही करायला जाणाऱ्याला दर वेळी विचार करावा लागायचा, की ह्यांचं काय करायचं? अमुक असेल तर हे, तमुक असेल तर ते, आणि डिस्कंटिगमेम असेल तर तिसरंच. अशा अटींची कुंपणं घालून घालून खात्याची वाट अरुंद झाली होती.

शेवटी माइक रॅपोपोर्ट यांनी हे काम अंगावर घेतलं. त्यांच्या पद्धतीचं मला कौतुक वाटतं, कारण त्यांनी डिस्कंटिगरावांना हात लावायच्या आधी त्यांच्या आश्रितांची सोय पाहिली. पीए-रिस्कच्या मंडळींनी २०१९ मध्ये आपणहून स्पार्समेम पत्करला होता. उरले अल्फा, आयए-६४, आर्क, एम६८के. कर्नलच्या ५.११ ह्या आवृत्तीपर्यंत प्रत्येकाला दुसरा कारभारी मिळवून दिला. अल्फा आणि आयए-६४ स्पार्समेमकडे, आर्क आणि एम६८के पुन्हा म्हाताऱ्या फ्लॅटमेमकडे. फ्लॅटमेम आता एक गोष्ट शिकले होते: पूर्ण वही आखून झाली की खड्ड्यांची पानं फाडून जमीन परत करायची.

त्या निमित्ताने एम६८केवर हिशेब तपासला गेला. अटारीची नक्कल करणाऱ्या अरानिम यंत्रावर, १६ एमबी फास्ट रॅम देऊन. डिस्कंटिगराव कामावर असताना मोकळी मेमरी निघाली २३,८२८ किलोबाइट. त्यांना उठवून फ्लॅटमेमना बसवलं, नकाशात चांगला मोठा खड्डा ठेवून, तर निघाली २३,८६४. मग खड्ड्यांची पानंही फाडू दिली, तर २३,८८०.

पुन्हा वाचा हवं तर. ज्या माणसाला जागा वाचवायला आणलं, तो उठून गेल्यावर ३६ किलोबाइट जागा वाढली! नोडच्या वह्या, त्यांची मुखपृष्ठं, प्रत्येक नोडच्या वेगळ्या याद्या, ह्या साऱ्या सरंजामाचा खर्च वाचवलेल्या ओळींपेक्षा जास्त होता. छोट्या घरात तर होताच होता. मोठ्या खड्ड्यांच्या यंत्रांवर त्यांनी खरोखर गिगाबाइटच्या हिशेबात जमीन वाचवली, हे श्रेय त्यांचं. पण आधी सांगितलं तसं, त्यांना ठेवलं होतं ते नको तिथे, आणि बडी यंत्रं तर केव्हाच त्यांना सोडून गेली होती.

जून २०२१ मध्ये निरोपाची कागदपत्रं तयार झाली. नऊ पॅचची मालिका. पहिला पॅच अल्फाचा, आणि त्यात डिस्कंटिगरावांसोबत तिथला न्यूमाचा आधारही काढला. तो पंधरा वर्षांहून अधिक काळ ‘मोडका’ म्हणून नोंदलेला होता. पंधरा वर्षं मोडकं पडलेलं कुणी दुरुस्त केलं नाही, आणि टाकूनही दिलं नाही. मग आर्क, मग एम६८के, मग मुख्य मेमरी खातं. त्यानंतर झाडलोट: कुठे टिपणात उल्लेख राहिलेला, कुठे अटीचं कुंपण उरलेलं, माहितीपुस्तिकेतला परिच्छेद. बहुतेक पॅचमध्ये उण्याच्या चिन्हांचीच रांग. कर्नलवाल्यांना असा पॅच दिसला की ते नवं काही मिळाल्यासारखे हरखतात.

राहिलेले उल्लेख पुसणाऱ्या पॅचच्या मथळ्यात त्यांचं नाव छापलं गेलं डिस्कॉनिगमेम. मधला ‘टी’ गळाला. बावीस वर्षांची नोकरी, आणि निरोपाच्या कागदावर नाव चुकलेलं. तो मथळा लिनक्सच्या इतिहासात तसाच नोंदला गेला आहे. आता दुरुस्त होणार नाही. ऑगस्ट २०२१ मध्ये ५.१४ आवृत्ती बाहेर पडली, तेव्हा निवड-यादीतून त्यांचं नाव गेलेलं होतं.

त्यांच्या वह्या मात्र गेल्या नाहीत. दर नोडचं ते मुखपृष्ठ, अमुक पेजपासून सुरू, विस्तार इतका, जमीन इतकी, आजही प्रत्येक न्यूमा सर्व्हरच्या कर्नलमध्ये जसंच्या तसं चालू आहे, कारण खऱ्या नोडांसाठी ते पहिल्यापासून बरोबरच होतं. त्या मुखपृष्ठावर पेजांच्या नोंदी कुठे ठेवल्यात ते सांगणारा एक रकाना आहे. आता तो फक्त एका अटीवर उघडतो: कारभारी फ्लॅटमेम असेल तर. नोड एकच असलेल्या यंत्रावर, डिस्कंटिगरावांनी आखून दिलेल्या रकान्यात, फ्लॅटमेम आपल्या एकुलत्या एक वहीचा पत्ता लिहितात आणि कामाला लागतात.